फळीच्या अलीकडे

मागच्या आषाढात आमच्या गावी एका किराणा व जनरल स्टोअरमध्ये पाच रुपयांच्या नाण्यावरून वाद झाला, आणि त्यानंतर एकवीस दिवस गावाच्या एका वस्तीला गावात साखर मिळाली नाही, गोडेतेल मिळाले नाही, गिरणीत दळण दळून मिळाले नाही. वस्तीतल्या बाया दहा-बारा किलोमीटरवरच्या तालुक्याला जाऊन मिठाची पिशवी आणत होत्या. येण्याजाण्याच्या भाड्यात मिठाच्या आणखी दोन पिशव्या आल्या असत्या. दुकानाचे नाव मी इथे लिहिणार नाही, मालकाचेही नाही. कुणाला पाठीशी घालण्याचा माझा हेतू नाही. पण नाव लिहिले की तुम्ही आणि मी सुटतो. एक वाईट दुकानदार सापडला, त्याला चार शब्द सुनावले आणि आपण आपापल्या पिशव्या उचलून घरी गेलो, असे होते. मला जे सांगायचे आहे ते त्या दुकानात फळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसांविषयी आहे. त्या दिवशी आम्ही आठ-नऊ जण होतो. मी त्यांतला एक.

गुरुवार होता, आमच्या बाजाराचा दिवस. दुकानापुढे तीन पायऱ्या आहेत. वर ओटा, ओट्याला लागून लाकडी फळी, फळीवर गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या आणि वजनकाटा. आम्ही ओट्यावर उभे होतो. एक म्हातारी सगळ्यांत खालच्या पायरीशी, खांबाला धरून, बाजूला उभी होती. मी आलो तेव्हा ती होती, आणि माझ्यानंतर आलेले दोघे सामान घेऊन गेले तेव्हाही ती होती. तिला कुणी ‘मागे हो’ म्हटले नव्हते. ‘वर ये’ असेही कुणी म्हटले नव्हते. गर्दी ओसरल्यावर तिला पाव किलो साखर, चहाची पुडी आणि साबणाची वडी मिळाली. सुट्टे परत देताना नोकराने पाच रुपयांचे नाणे वरूनच सोडले. ते तिच्या ओंजळीला चाटून पायरीवर पडले, घरंगळले आणि गटारात गेले. तिच्याबरोबर तिचा नातू होता, सांगलीला आयटीआयमध्ये शिकणारा. तो दोन पायऱ्या चढून वर आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “ह्यांच्या हातावर सुट्टे ठेवता, मग आज्जीच्या हातावर का नाही ठेवत?” मालक गडबडला. मग म्हणाला, “इतकी वर्षं तुझ्या आज्जीनं कधी विचारलं नाही.” तेवढ्यात ओट्यावरच्या एका भल्या गृहस्थाने खिशातून पाच रुपये काढले, मुलापुढे धरले आणि सांगितले, “हे घे आणि जा बाबा. पाच रुपयांसाठी कशाला तोंड वाजवतोस?” मुलाने ते नाणे घेतले, फळीवर ठेवले आणि आज्जीचा हात धरून तो निघून गेला. तो भला गृहस्थ मी होतो.

त्या क्षणी मला मी समजूतदार वाटलो, हे कबूल करायला हवे. तंटा वाढू नये म्हणून मी पदरचे पाच रुपये दिले होते. तेहतीस वर्षे मी शाळेत शिकवले आहे. सहावीच्या मुलांना समता हा धडा मी किती वेळा समजावून सांगितला असेल, मोजता येणार नाही. त्या मुलाचा प्रश्न पैशाचा नव्हता, हे कळायला मला रात्र जावी लागली. त्याने हाताविषयी विचारले होते आणि मी त्याला भीक दिली. नाणे वरून टाकणारा नोकर आणि नाणे पुढे करणारा मी, या दोघांत त्या मुलाने काही फरक केला असेल असे मला वाटत नाही, आणि त्याने तो का करावा, हे मला सांगता येत नाही.

हे आंधळेपण मी कुठून आणले, याचा विचार करू लागलो की मी बहात्तरच्या दुष्काळात जाऊन पोचतो. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. आई चिठ्ठी आणि पिशवी देऊन मला याच पेठेतल्या दुकानात पाठवायची. मी मोठ्या माणसांच्या कोपरांखालून आत शिरायचो, आणि वाणीकाका लांबूनच म्हणायचे, “आधी त्याचं बघा रे, लहान पोर आहे.” पायरीशी दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बाया बसलेल्या असायच्या. त्यांच्याबरोबरही पोरे असत, काही माझ्याहून लहान. पण ती पोरे कुणाला लहान दिसत नसत. त्या बायांनी पायरीवर ठेवलेल्या नाण्यांवर पाण्याचे चार थेंब शिंपडले जात आणि मग ती गल्ल्यात पडत. लाल मिलो ज्वारीचे मापटे त्यांच्या पदरात ओतताना इतके उंच धरले जाई की थोडे दाणे बाहेर सांडत. बाई ते दाणे मातीतून एकेक करून वेचून घेई. खडीने फुटलेल्या बोटांनी दाणा चटकन उचलता येत नाही. तिला वेळ लागे. मी हे लिमलेटची गोळी चघळत पाहत असे. ती गोळी मला काकांनी वर म्हणून, फुकट दिलेली असे. हे मला कुणी बसवून शिकवले नाही. आईने नाही, काकांनी नाही. जगाची रीतच अशी आहे, जसा पाऊस वरून पडतो तसे काहींच्या पदरात धान्य वरून पडते, एवढेच माझ्या मनाने टिपून घेतले. वारसा असाच येतो. घर, शेत, भांडीकुंडी यांची निदान वाटणी होते, कागद होतो. नजरेची वाटणी होत नाही, ती सगळ्या भावंडांना सबंध मिळते.

आता आपण म्हणतो की ते दिवस गेले. पाण्याचे थेंब गेले, हे खरे. पण रांग पाहा, ती तशीच आहे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविरुद्ध कायदा झाला. त्यालाच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. त्यातले एक कलम दुकानदारीविषयी आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायचे नाकारणे हा गुन्हा आहे, आणि तो माल इतरांना ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्या अटींवर विकला जातो, त्याच वेळी, त्याच जागी आणि त्याच अटींवर न विकणे हाही गुन्हा आहे. हे कलम मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा नीट वाचले आणि चरकलो. कायदा लिहिणाऱ्यांनी आपली पायरी पाहिली होती. शेवटी का होईना, माल दिलाच ना, असे आपण म्हणणार हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी वेळ लिहिली. खांबापाशी का होईना दिलाच ना, असे म्हणणार, म्हणून जागा लिहिली. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बरोबरीने दुकानांचा उल्लेख आहे. अवघ्या राष्ट्राचा पाया घालताना संविधान सभेला किराण्याच्या दुकानाची आठवण ठेवावी लागली, यात आपल्या समाजाची केवढी ओळख आहे!

त्यांना ती आठवण का होती, हे समजायला फार लांब जावे लागत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्यांदा महाडला परिषद भरवणार होते, तेव्हा गावच्या व्यापाऱ्यांनी परिषदेला शिधा विकायचे नाकारले. धान्य, सामान बाहेरून जमवून आणावे लागले. मंडपाला जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली, म्हणून मंडप उभा राहिला. आपण शाळेत महाडचे तळे शिकवतो, महाडची दुकाने शिकवत नाही. तळ्याचा लढा त्या दुकानांतही चालला होता. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात गावकऱ्यांच्या हातातल्या शस्त्रांचा उल्लेख आहे. जमिनीवरून काढणे, काम बंद करणे, वहिवाटीची वाट बंद करणे, आणि गावच्या वाण्याने जिन्नस विकणे बंद करणे. निमित्त काय, तर चांगला कपडा घातला, दागिना घातला, नवरदेव घोड्यावरून नेला, सार्वजनिक विहिरीवर गेले. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा तो कागद आहे. आमच्या गावातल्या कुणीही तो वाचलेला नव्हता, आणि तरी आषाढात आम्ही त्यातली ओळ न् ओळ बरोबर वठवली. ज्याला कागदाची गरज पडत नाही असे पाठांतर आपल्यात आहे, आणि ते मला कोणत्याही द्वेषापेक्षा भयंकर वाटते. द्वेष करणारा माणूस निदान जागा असतो.

कुणी विचारील, त्या म्हातारीने इतकी वर्षे का विचारले नाही? मालकाने विचारलेच. त्याचे उत्तर फळीखालच्या खणात आहे. तिथे लाल कापडी बांधणीची एक वही असते. तीत वस्तीतल्या प्रत्येक घराचे एक पान आहे. पेरणीच्या दिवसांत मजुरी हाती येण्याआधी मीठ-मिरची त्या पानावर येते, लेकीच्या बाळंतपणाला डिंक-खोबरे त्या पानावर येते, शाळा उघडताना वह्या-दप्तर त्या पानावर येते. ही वही नसती तर कितीतरी चुली पेटल्या नसत्या, हे मी मान्य करतो. उधार देणाऱ्यालाही जोखीम असते आणि त्याचेही पैसे बुडतात. पण ज्याचे पान वहीत आहे त्याला फळीवर आवाज चढवता येत नाही. त्याने आवाज चढवला तर त्याचे पान वाचून दाखवले जाते, चारचौघांत, नावानिशी, आकड्यानिशी. “मागचे अकराशे राहिलेत, त्याचं काय ते आधी बोला.” मी हे असंख्य वेळा ऐकले आहे, तुम्हीही ऐकले आहे. आपण तेव्हा काय करतो? आपण बरण्यांकडे बघत उभे राहतो. उधारी आपल्यांतल्याही कित्येकांची असते. पण आपला आकडा शेठ हळू आवाजात सांगतात. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीच्या सुप्याला बाजाराच्या दिवशी कुणबी सावकार-दुकानदारांवर चालून गेले आणि त्यांनी आधी मागितले ते कर्जाचे कागद. माणसे मारायला ते आले नव्हते. त्यांना कागद जाळायचे होते. त्या कुणब्यांचे आपण वंशज आहोत, याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावा. पण कागदाखाली दबलेल्या माणसाची तोंड उघडण्याची भीती आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेली असताना, ती भीती दुसऱ्याच्या तोंडावर आपल्याला ओळखू येऊ नये, हे मला समजत नाही.

या दुकानात अपमान एकाच जातीचा होतो असेही नाही, आणि जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. माझी मुलगी सासरहून आली की त्या दुकानात जात नाही. कारण विचारले तर बोलेना. पुढे तिच्या आईने सांगितले. तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून ती पुरुष गिऱ्हाईक जाईपर्यंत बिस्किटांच्या बरण्यांपाशी ताटकळत उभी राहायची, मग खालच्या मानेने पॅड मागायची. नोकर ते पुडके वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा, आणि ते करताना हसायचा. बाकी सगळा माल उघडा जातो, उंदराचे विष उघडे जाते, आणि हे एवढे झाकून जाते. मी बाप असून, त्याच ओट्यावर कितीदा तरी उभा असेन. माझ्यामुळेही कुणाच्या तरी मुलीला पाच-दहा मिनिटे बरण्या मोजाव्या लागल्या असतील. विटाळ हा शब्द आपण बोलण्यातून काढला. त्याची पिशवी मात्र दुकानात अजून ठेवली आहे.

आता त्या एकवीस दिवसांकडे येतो. मुलाने ठाण्यात जाऊन लेखी अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी पेठेत कुजबुज सुरू झाली की गावाचे नाव खराब झाले. लक्षात घ्या, नाणे गटारात पडले तेव्हा गावाचे नाव खराब झाले नव्हते. ते अर्जाने झाले. तिसऱ्या दिवशी पाचही दुकानांत वस्तीतल्या माणसांना माल संपला असे सांगितले जाऊ लागले. शेल्फावर साखरेची पोती दिसत असताना साखर संपली होती. गिरणीवाल्याचा पट्टा नेमका त्यांचा डबा आला की तुटायचा. ज्यांच्या शेतात ही माणसे वर्षानुवर्षे राबली, त्यांनी त्या आठवड्यात खुरपणीला बाहेरून मजूर आणले. कुणी सभा घेतली नाही, दवंडी पिटली नाही, कागद केला नाही. एका चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणाले, कुणीतरी मान हलवली, एवढ्यावर सगळे झाले. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. नरेंद्र दाभोलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातपंचायतींविरुद्ध जी मोहीम काढली होती, तिचे बळ त्याच्यामागे होते; तो कायदा पाहायला दाभोलकर राहिले नव्हते. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. पण मान हलवल्याचा पंचनामा कसा करायचा? आपल्याला कायदा माहीत होता, म्हणूनच आपण तो मोडताना एकही खूण मागे ठेवली नाही. हे अडाणीपण नव्हे. हे शिकलेल्या माणसांचे काम आहे.

एकविसाव्या दिवशी देवळाच्या सभामंडपात समेटाची बैठक झाली. वस्तीतले चार जण, गावातले बारा, आणि दोन्ही बाजूंना धरून असलेला म्हणून मी. आधी चहा झाला. चहा सगळ्यांना कागदी कपांत दिला; पूर्वी तो बशीत की कपात हा प्रश्न असायचा, कागदी कपाने तो सोडवला. मग ठरलेले शब्द वाचून दाखवण्यात आले. ‘गैरसमजातून झालेला प्रकार.’ ‘कुणाचे मन दुखावले असल्यास.’ ‘उभयपक्षी सलोखा राखण्याचे ठरले.’ मुलाने अर्ज मागे घ्यायचा, दुकानांनी माल द्यायचा. मुलगा उभा राहिला आणि त्याने एवढेच विचारले, “गैरसमज नेमका कुणाचा झाला?” त्याच्या बापाने त्याला शर्टाला धरून खाली बसवले. बापाचे पान सगळ्यांत मोठे होते. मग कागद फिरला, आणि त्यावर मी सही केली. माझे अक्षर चांगले आहे म्हणून तो कागद लिहिलाही मीच होता. गैरसमज हा शब्द माझा. मालकाने सुचवलेला शब्द आणखी वाईट होता, त्याऐवजी मी हा घातला आणि आपण काहीतरी चांगले केले असे समाधान मानून घरी आलो.

बैठकीनंतर मालक मला घरापर्यंत सोडायला आला. माणूस वाईट नाही. करोनाच्या टाळेबंदीत त्याने दुकानाच्या मागच्या दाराने कित्येकांना धान्य दिले, त्यांत वस्तीतलीही घरे होती. तो म्हणाला, “गुरुजी, माझ्या मनात काही नाही हो. मी त्या म्हातारीला वर घ्यायला तयार आहे, तिच्या हातावर पैसे ठेवायला तयार आहे. पण तुम्ही सगळे काय म्हणाल? गिऱ्हाईक तुटतं.” मी काहीच बोललो नाही. पुढे अनेक दिवस ते वाक्य माझ्या मागे लागले. तो आम्हाला भीत होता. आम्ही त्याला भीत होतो, कारण बाकीचे काय म्हणतील. आणि बाकीचे म्हणजे कोण, हे शोधायला गेलो तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी बैठकीतल्या बाराही जणांच्या घरी जाऊन विचारले. म्हातारी ओट्यावर चढली तर तुमचे काही जाईल का? एकानेही ‘हो’ म्हटले नाही. “माझं काही नाही, पण लोक...” असे बाराही जण म्हणाले. ज्या लोकांसाठी आपण एका वस्तीला एकवीस दिवस उपाशी ठेवू पाहिले, ते लोक गावात राहतच नाहीत. ते आपल्या सगळ्यांच्या भित्रेपणातून जन्मलेले एक भूत आहे, आणि पिढ्यानपिढ्या आपण त्याला नैवेद्य म्हणून जिवंत माणसे देत आलो आहोत.

तेच भूत आता दुसरेही रूप घेत आहे. त्याच पेठेत एका मुसलमान कुटुंबाचे स्टेशनरी आणि बांगड्यांचे दुकान आहे. गेल्या दोन वर्षांत त्याच्याकडून काही घेऊ नका असे निरोप मोबाइलवर फिरतात, आणि निरोप पाठवणारे कोण, तर ज्यांच्या आईने, बायकोने, लेकीने आजवर त्याच दुकानात बांगड्या भरल्या. आधी आपण ठरवले की कुणाला विकायचे नाही, आता ठरवतो आहोत की कुणाकडून घ्यायचे नाही. हात तोच आहे, फक्त तो फळीच्या दुसऱ्या बाजूने पुढे येतो आहे.

हे बदलणार नाही असे मला कुणी सांगू नये. ते बदललेले आपल्याच मुलखात, आपल्याच माणसांनी पाहिले आहे. कोल्हापूरच्या राजवाड्यावर गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, पण गंगाराम यांना पैसे देऊन स्वतःचा धंदा काढायला सांगितले. गंगाराम यांनी चहाचे दुकान काढले. चहा उत्तम, जागा रहदारीची, आणि गिऱ्हाईक एकही नाही. शहरातले लोक दुकानावरून जात, पाहत आणि पुढे जात. राजाला हुकूम काढता आला असता. त्याने तसे केले नाही. फिरायला निघालेली गाडी तो त्या दुकानापुढे थांबवी, आणि चहा मागवी. बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. रोजची ती गोष्ट पाहता पाहता कोल्हापूरच्या लोकांची भीड चेपली. मी लहानपणापासून ही हकीकत ऐकली, वर्गात सांगितली, आणि दर वेळी ती राजाच्या मोठेपणाची म्हणून सांगितली. त्या दुकानापुढे महाराज राजा म्हणून थांबत नव्हते, गिऱ्हाईक म्हणून थांबत होते, हे माझ्या ध्यानात आले नाही. गिऱ्हाईक तर आपण सगळेच आहोत.

समेटाचा कागद अजून माझ्याकडे आहे. लिहिणारा म्हणून मूळ प्रत माझ्याकडे राहिली. गेल्या आठवड्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो सांगलीला होता. म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला म्हटले, “आई, तो कागद मी चुकीचा लिहिला. गैरसमज कुणाचाच झाला नव्हता.” तिने सूप खाली ठेवले, बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मग बरोबरचा लिवा की.” मी तो लिहिला आहे. त्यात म्हातारीला किती वेळ उभे केले ते आहे, नाणे कुणी कसे टाकले ते आहे, पाच रुपये कुणी पुढे केले ते आहे, आणि एकवीस दिवस कोणत्या पाच दुकानांत आणि एका गिरणीत काय काय संपले होते तेही आहे. खाली सध्या एकच सही आहे. या गुरुवारी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजता म्हातारी दुकानात येणार आहे, मी तिच्यामागे रांगेत असेन, आणि कागद माझ्या खिशात असेल. सभामंडपात माझ्या अक्षराखाली ज्या बारा जणांनी सह्या केल्या, त्यांना मी घरोघर जाऊन वेळ सांगितली आहे.